बाबांच्या टाकीतले सहा मासे

या सदरातले अनुभव मी डबा खाताना वाचते आणि खरं सांगायचं तर बरेचदा हसते. घाटातली बाई, पिंपळाखालचा म्हातारा, आरशात न दिसणारा रिक्षावाला... लॅबमधल्या मुलींना मोठ्याने वाचून दाखवते, मग त्या घरी जाताना घाबरतात आणि दुसऱ्या दिवशी मला शिव्या घालतात. आज मीच लिहायला बसलेय हे कळलं तर त्या मला सोडायच्या नाहीत. असो.

मी केमिस्ट आहे. तळोज्याच्या एका खासगी लॅबमध्ये एकोणीस वर्षं पाणी तपासते — बोअरचं, टँकरचं, कंपन्यांच्या नाल्याचं. पाण्यात काही असेल तर ते सापडतं, सापडलं नाही तर ते नाही, एवढंच माझं तत्त्वज्ञान. देवाला हात जोडते, उपास करत नाही. भूत, करणी, नजर यातलं काहीही मी मानत नव्हते. आजही मानते असं म्हणवत नाही. पण जे झालं ते माझ्या रजिस्टरमध्ये, माझ्याच अक्षरात, वेळेसकट लिहिलेलं आहे.

आम्ही सुकापूरला राहतो. तिसरा मजला, टू बीएचके, हॉलची खिडकी पश्चिमेला. खिडकीतून समोरच्या टॉवरच्या बाल्कन्या आणि त्यांतले वाळत घातलेले कपडे दिसतात, बाकी काही नाही. मी, माझा नवरा प्रशांत — तो बंदराच्या कंटेनर यार्डात शिफ्टला असतो — आणि प्रशांतचे वडील. आम्हाला मूल नाही. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हापासून बाबा आमच्याकडेच.

बाबा मोरा बंदरावरचे कोळी. चाळीस वर्षं स्वतःच्या बोटीचे तांडेल होते, म्हणजे बोटीवर शेवटचा शब्द त्यांचा. मी पनवेल गावातली. मासे खायला पुढे, साफ करायला मागे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समोर बसवून बोंबील साफ करायला शिकवलं आणि माझा अवतार बघून पोट धरून हसले. माझं काम काय ते कळल्यावर नाव ठेवलं — "पान्याची डाक्टर". मला माझ्या वडिलांनी कधी इतकं चिडवलं नव्हतं, आणि इतकं जवळही केलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी, गणपती गेल्यावर आठच दिवसांनी, त्यांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत येतं, त्यानंतर फार आशा धरू नका. दिवाळी आली तरी काहीच परत आलं नव्हतं. एवढा बोलका माणूस खुर्चीत बसून खिडकीकडे बघायचा. चमचा तोंडाशी नेला की मान वळवायचा. वजन उतरत चाललं होतं, आणि दिवसभर त्यांना सांभाळणाऱ्या सुरेखामावशी — इथल्याच, सुकापूर गावठाणातल्या आगरी बाई — रोज संध्याकाळी मला एकच वाक्य सांगून जायच्या: "वैनी, आज पन काय खाल्ला नाय."

टाकीची कल्पना प्रशांतची. मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघून आला... खाऱ्या पाण्याचं अ‍ॅक्वेरियम. म्हणाला, बाबांना समुद्राकडे नेता येत नाही तर थोडा समुद्र घरात आणू. मी आधी कटकट केली, कारण खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे गोड्या पाण्यातले गप्पी नव्हेत. पण एकदा हो म्हटल्यावर मी ती लॅबसारखी केली. तीन फुटी टाकी, आरओचं पाणी, पुड्यातलं मरीन सॉल्ट मोजून, तळाला पांढरी वाळू, फिल्टर, हवेचा पंप. मासा न सोडता पाच आठवडे नुसती चालवली. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आल्याशिवाय मी हात लावू दिला नाही.

त्या रिकाम्या टाकीकडे बाबा बघत बसायचे. खिडकीकडची खुर्ची आम्ही इकडे वळवली. मार्गशीर्षात एका शनिवारी पनवेलच्या फैजलभाईंच्या दुकानातून दोन क्लाऊन मासे आणले — नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे. बाबांनी त्या दिवशी पेजेची वाटी संपवली.

मंगळवारी दुपारी लॅबमध्ये सुरेखामावशींचा फोन आला.

"वैनी, मासा तडफडतंय ओ. पान्यान हाय, तरी तडफडतंय."

"तडफडतोय म्हणजे?"

"बोटीतनं खाली टाकल्यासारका. वालूवर परलाय नं आपटतंय. पानी हाय वर सगला. मना काय समजत नाय."

मी घरी पोहोचले तोवर तो मेला होता. नव्या टाकीत एखादा मासा जातो, त्यात नवल नाही. वेळ लिहून ठेवली, दीड. पाणी तपासलं, सगळं जागेवर. वाईट वाटलं, पण ते फार वेळ टिकलं नाही, कारण त्याच संध्याकाळी बाबांनी आमटीची वाटी डाव्या हाताने ढकलली आणि म्हणाले, "मीठ."

तीन महिन्यांनी पहिला शब्द. ब्लड प्रेशरमुळे त्यांची आमटी अळणी असायची. प्रशांत मीठ आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेला आणि तिथेच ओट्याला टेकून रडला. मी चिमूटभर मीठ घातलं. बाबांनी भुरके मारत आमटी प्यायली.

दुसरा क्लाऊन त्याच रविवारी गेला, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत. सव्वापाच वाजले होते. मी चहा घेऊन टाकीसमोर बसले होते. मासा व्यवस्थित पोहत होता. पोहता पोहता खाली आला, वाळूवर आडवा झाला आणि आपटायला लागला. तुम्ही जेट्टीवर टोपलीतून निसटलेला मासा बघितला असेल — तोंड उघडं, कल्ले ताणलेले, शेपटी जमिनीवर फटफट. तस्सं. वर दीड फूट पाणी, पंपाचे बुडबुडे चालू, आणि हा खाली कोरड्यावर पडल्यासारखा मरत होता. तीन-चार मिनिटं चाललं. जाळीने बाहेर काढून कल्ला उचकटून पाहिला तर आतली पाती एकमेकींना चिकटलेली होती, जशी हवेत मेलेल्या माशाची चिकटतात.

मी लॅबमधून मीटर आणला. पाण्यातला ऑक्सिजन उत्तम. पीएच, खारटपणा, तापमान, तांबं... काही नाही. टेस्टरने करंट उतरतोय का पाहिलं, नाही. शेजारी रंगकाम चालू आहे का विचारून आले, नाही. मग प्रशांतची उलटतपासणी घेतली तेव्हा त्याने मान खाली घालून कबूल केलं — मी नसताना त्याने मोऱ्याच्या जेट्टीवरून दोन कॅन पाणी आणून टाकीत ओतलं होतं.

"अरे, पाच आठवडे मी काय झक मारत होते? त्या पाण्यात डिझेल असतं, काय काय असतं..."

"बाबांना पुड्यातलं मीठ कळतं गं," तो म्हणाला. "समुद्राचा वास नव्हता टाकीच्या पाण्याला. म्हणून ओतलं."

चाळीस वर्षं केमिस्ट्री शिकलेला माणूससुद्धा असल्या उत्तराला हरेल. पण मला कारण मिळालं होतं, म्हणून मी खूश होते. सगळं पाणी काढलं, वाळू बदलली, टाकी धुतली, पुन्हा पहिल्यापासून. या गडबडीत त्या रविवारी रात्रीच्या जेवणाला बाबांनी उजव्या हाताचा अंगठा हलवला आणि माझ्याकडे बघून "डाक्टर" म्हणाले, हे मी दोन ओळींत लिहून मोकळी झाले. लॅबचं एक जुनं रजिस्टर होतं. डाव्या पानावर टाकी, उजव्या पानावर बाबा — बीपी, जेवण, नवा शब्द — कारण न्यूरोच्या डॉक्टरांना नोंदी लागायच्या.

पुढचे जवळजवळ तीन आठवडे टाकीत मासा नव्हता. त्या तीन आठवड्यांत बाबांच्या पानावर बीपी-जेवणापलीकडे नवं काही नव्हतं. "मीठ" आणि "डाक्टर", बस्स. फिजिओवाली मुलगी म्हणाली, सुधारणा अशी टप्प्याटप्प्यानेच येते, काकी, धीर धरा.

मग फैजलभाईंनी दोन निळे डॅमसेल दिले. "मॅडम, ये बहुत सख्तजान मासा आहे. बादलीत पण जगतो, इन्शाअल्ला काही होणार नाही." पहिला शनिवारी सकाळी पावणेदहाला गेला, दुसरा मंगळवारी दुपारी बाराला. दोघेही तसेच, वाळूवर आपटत. शनिवारी संध्याकाळी बाबांनी उजव्या हाताने पेला धरला. मंगळवारी ते मावशींना म्हणाले, "मना उभा कर." आणि मावशींच्या खांद्याला धरून उभे राहिले.

बुधवारी मी रजिस्टर उघडून बसले आणि पहिल्यांदा दोन्ही पानं एकदम वाचली. चार मासे, चार तारखा. उजव्या पानावर नवा शब्द, नवी हालचाल — त्याच चार तारखा. मधल्या तीन आठवड्यांत डावीकडे मासा नाही, उजवीकडे नवं काही नाही. माझ्या कामात याला ब्लँक म्हणतात, नमुना न घालता केलेली टेस्ट. ब्लँक शून्य आला की बाकीच्या रीडिंगवर भरवसा ठेवायचा असतो.

वेळांचं मात्र काही जुळत नव्हतं. दीड, सव्वापाच, पावणेदहा, बारा. मी पुटपुटत होते, ते समोर बसलेल्या बाबांनी ऐकलं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे डावा हात केला.

"सुकती," ते म्हणाले.

सुकती म्हणजे ओहोटी. मग थांबत थांबत, एकेक शब्द शोधून, त्यांनी मला कोळ्यांचा हिशोब शिकवला. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण सुकती. पहिला क्लाऊन दशमीला मेला. दहा पाऊणे साडेसात, अधिक सहा, दीड. दुसरा पौर्णिमेला — सव्वापाच. पंचमी, पावणेदहा. अष्टमी, बारा. मोऱ्याला खाडी रिकामी होऊन बोटी चिखलात बसायच्या, त्या वेळेला आमच्या तिसऱ्या मजल्यावर मासा खाली बसायचा. आणि पाणी तर आता पुड्यातल्या मिठाचं होतं.

प्रशांतला रजिस्टर दाखवलं. त्याने दोनदा वाचलं, बंद केलं आणि म्हणाला, योगायोग. मीही म्हटलं, योगायोगच. दोन दिवसांनी बूट घालताना माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "फैजलभाईंकडे जाणारेस का या आठवड्यात?"

त्या आठवड्यात नाही, पण महिनाभराने मी गेले. आता इथे मला खरं लिहायचंय. मी स्वतःला सांगितलं की चार रीडिंग पुरत नाहीत, खात्री करायला पुन्हा नमुना लावावा लागतो. आम्ही रोज तेच करतो. म्हणून पाचवा मासा. शनिवार, एकादशी. दोन वाजता मी हातातलं काम टाकून टाकीसमोर येऊन बसले, आणि सव्वादोनला तो खाली आला. मी त्याला काढायलाही उठले नाही. त्या संध्याकाळी बाबा वॉकर धरून बेडरूममधून हॉलपर्यंत चालत आले. सबंध वाक्यं बोलले. मोऱ्याहून प्रशांतचे काका-काकी बघायला आले, काकी रडल्या, बाबांनी त्यांना रडण्यावरून चिडवलं. ठरलं की शिमग्याला बाबांना मोऱ्याला न्यायचं आणि ते जेट्टीपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत जाणार. घरात इतकं हसणं कितीतरी महिन्यांनी झालं होतं. मी सगळ्यांना चहा दिला. मेलेला मासा तोवर वाळूवरच होता. नंतर गुपचूप काढला.

सहावा मासा आणला तेव्हा मात्र नमुना वगैरे काही मनात नव्हतं. मला बाबा चालायला हवे होते. सहा महिने संपायला महिना उरला होता. दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी जाऊन क्लाऊनचं एक पिल्लू आणलं, पेराएवढं. पाण्याचं तापमान जुळावं म्हणून पिशवी टाकीत तरंगत ठेवली. बाबा खुर्चीत होते. बराच वेळ त्या पिशवीकडे बघत राहिले.

"डाक्टर, बस इथं."

मी बसले.

"ह्यो कोन खानार?"

"बाबा, हा खायचा नसतो. शोभेचा आहे."

"मंग मारतेस कशाला?"

त्यांना कधीपासून कळत होतं, देव जाणे. पुढचं ते सावकाश बोलले, पण एकदाही अडखळले नाहीत.

"मी चालीस वरसं मासं मारलं. टोपल्या भरभरून मारलं. पन पोटासाटी. आमच्या नं लोकांच्या. बारका गावला तर परत सोडलाय पान्यान. असा फुकट एक नाय मारला कदी." मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत म्हणाले, "त्यो वालूवर परतो तवा मना श्वास येतो. मना कलतंय ता. मना नको ता."

मी रडले. म्हटलं, बाबा, एकच, शिमग्यापर्यंत तरी. मासाच तर आहे. तुम्ही नाही का आयुष्यभर...

"जा, दुकानान परत देऊन ये त्याला."

मी हो म्हटलं. जेवण झालं, औषधं झाली, बाबा आत झोपले. प्रशांत शिफ्टला होता, मावशींना रविवारची सुट्टी. मी पिशवी उचलली ती परत करायला असं नाही म्हणणार. पिशवीची गाठ सोडली आणि पिल्लू टाकीत सोडलं. द्वादशी होती. बारा पाऊणे नऊ, अधिक सहा. तीन वाजता सुकती.

तीनला पाच मिनिटं असताना ते खाली यायला लागलं. वाळूला टेकलं, आडवं झालं. तोंड उघडलं. आणि मागे पावलं वाजली. बाबा. वॉकर नाही, भिंत नाही, काही नाही. सरळ चालत आले, टाकीवरचं झाकण डाव्या हाताने सारलं आणि उजवा हात कोपरापर्यंत आत घातला. पिल्लाला ओंजळीत घेतल्यासारखं अलगद वर आणलं. पाणी बदलायला मी मिठाचं पाणी कालवून बादलीत ठेवलं होतं, त्यात हवेची नळीही सोडलेली होती. त्या बादलीत त्यांनी हात बुडवला आणि तसेच वाकून उभे राहिले. किती वेळ ते मी लिहून ठेवलं नाही. हात बाहेर काढला तेव्हा पिल्लू पोहत होतं.

मला वाटलं, आता माझी खैर नाही. पण ते रागावले नाहीत. ओला हात लुंगीला पुसला, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "झाला आता. चा कर." मी चहा केला. आम्ही दोघांनी टाकीसमोर बसून प्यायला.

सोमवारी सकाळी त्यांना दुसरा झटका आला. पनवेलच्या हॉस्पिटलमध्ये आयसीयूत ठेवलं. शुद्ध नाहीच. आठवडाभर प्रशांत आणि मी पाळीपाळीने जात होतो. डॉक्टर रोज सांगायचे, तयारी ठेवा.

पुढचा रविवार. संकष्टी. प्रशांत हॉस्पिटलमध्ये, मला दहापर्यंत पोहोचायचं होतं. घरी मी एकटी होते. पिल्लू आठवडाभर बादलीतच होतं. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं, मावशीच त्याला खायला टाकायच्या. चतुर्थी. चार पाऊणे तीन, अधिक सहा, नऊ. आठ वाजता मी त्याला जाळीने उचललं आणि टाकीत सोडलं. खुर्ची ओढून समोर बसले.

बाबांनी स्पष्ट नको म्हटलं होतं, ते मला आठवत होतं. तरी बसले. पावणेनऊ झाले. नऊ झाले. पिल्लू काचेपाशी येऊन माझ्या तोंडासमोर इकडून तिकडे फिरत होतं, खायला मागतात तसं. मी एकोणीस वर्षं पाणी तपासणारी बाई, काचेला हात लावून त्याला म्हणत होते, "पड ना रे... पड ना." ते पडलं नाही. एकदाही वाळूपर्यंत गेलं नाही. नऊ वाजून दहा मिनिटांनी प्रशांतचा फोन आला.

"बाबा गेले," तो म्हणाला. "आत्ता, पाच मिनिटं झाली."

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. शोधलं नाही असं नाही. दुकानातले मासे कधीकधी विषारी औषध टाकून पकडलेले असतात आणि नंतर पटापट मरतात. स्ट्रोकनंतर सुधारणा टप्प्यांनीच येते. आणि माणूस घाबरलेला असला की दोन पानं जुळवतोच. हे सगळं मी इतरांना अगदी पटवून सांगू शकते. चिकटलेल्या कल्ल्यांचं काय, सुकतीचं काय, हे मला सांगता येत नाही. आणि त्याच टाकीत, त्याच पाण्यात ते पिल्लू आज दीड वर्ष जिवंत कसं, हे फैजलभाईंनाही सांगता येत नाही. भरती असो, सुकती असो, ते पोहत असतं. आता चांगलं बोटाएवढं झालंय.

प्रशांतचा त्याच्यावर फार जीव आहे. रविवारची गोष्ट मी त्याला सांगितली होती — बाबा विनाआधार चालत आले, त्यांनी हाताने मासा वाचवला — तेवढीच. कोणी पाहुणा आला की तो टाकीपाशी नेतो, सांगतो, हा आमच्या बाबांनी वाचवलेला. मग काचेवर बोट ठेवतो, मासा बोटामागे येतो, पाहुण्यांचे डोळे भरतात. मी पाणी, सरबत देत असते. बाबा तिकडे शेवटचा श्वास घेत होते तेव्हा मी त्याच काचेला हात लावून, त्यांनी नको म्हटलेलं असताना, याच माशाने मरावं म्हणून विनवत बसले होते, हे मी प्रशांतला अजून सांगितलेलं नाही. तो हे सदर वाचतो.